भटका किंवा सोडून दिलेला कुत्रा दत्तक घेताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दत्तक दिलेला कुत्रा पंधरा-वीस दिवसांत संस्थेकडे परत येतो, तेव्हा त्यामागे बहुधा एकच कारण असते: कामे उलट्या क्रमाने झालेली असतात. आधी मोबाइलवर फोटो आवडतो, दोन दिवसांत कुत्रा घरी येतो, त्यानंतर घरमालकाला कळवले जाते, बाल्कनीला जाळी नसल्याचे कुत्र्याने कठड्यावर पाय टाकल्यावर लक्षात येते आणि पशुवैद्यांची वेळ सर्वांत शेवटी घेतली जाते. पुढील टप्पे शहरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि विकतचे पिल्लू आणण्याऐवजी वाढ झालेला, निदान सहा महिन्यांचा कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये. एखादा टप्पा अडला, तर तो सुटेपर्यंत पुढचा सुरू करू नये.

१. घरातल्या माणसांची वाटणी

“आमच्याकडे सगळ्यांना कुत्रे आवडतात” एवढ्यावर हा टप्पा संपत नाही. सकाळी सहाला कुत्र्याला खाली कोण नेणार, रात्री झोपण्यापूर्वीची फेरी कोणाची, जुलैच्या मुसळधार पावसात त्यात बदल होणार का, गणपतीला सगळे गावी निघाले की कुत्रा सोबत येणार की कोणाकडे राहणार, हे नावांसह कागदावर लिहून काढावे. “मुले करतील” असे लिहिले असेल, तर ते खोडून एखाद्या मोठ्या माणसाचे नाव लिहावे. दहावीचे वर्ष सुरू झाले की मुलांची फेरी बंद पडते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

घरी येणाऱ्या मावशींना विचारण्याचे बहुतेक जण विसरतात. घरातली माणसे कामावर गेल्यावर कुत्र्यासोबत त्याच एकट्या असतात. त्यांना भीती वाटत असेल, तर त्या येण्याच्या वेळेत कुत्रा बंद खोलीत राहील अशी सोय आधीच ठरवावी. घरात वयस्कर मंडळी असतील, तर उड्या मारणारा तरुण कुत्रा अंगावर येऊन त्यांचा तोल जाऊ शकतो. अशा घरासाठी चार-पाच वर्षांचा, शांत कुत्रा शोधणे शहाणपणाचे.

तपासणी: एक आठवडा कुत्रा नसतानाच ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने खाली जाऊन वीस मिनिटे फिरून यावे. आठवड्यात दोन फेऱ्या चुकल्या, तर वाटणी पुन्हा करावी.

२. घरमालक आणि सोसायटी

भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार काढून पाळीव प्राण्यांविषयीचे कलम वाचावे आणि घरमालकाची संमती लेखी घ्यावी. फोनवरचे “बघू, आणा” पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कोणाला आठवत नाही.

सोसायटीची बाब वेगळी आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, तसेच कुत्र्यासह लिफ्ट वापरण्यास मनाईही करता येत नाही. त्याच सूचना कुत्रा पाळणाऱ्यालाही सांगतात की, सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्यावर असावा आणि त्याची घाण उचलली जावी. हे परिपत्रक जवळ ठेवावे, मात्र पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या हातात देऊ नये. त्याआधी शेजारच्या दोन्ही घरांत स्वतः जाऊन “आमच्याकडे कुत्रा येणार आहे, सुरुवातीचे काही दिवस थोडा भुंकेल” एवढे सांगून आलेले जास्त कामाला येते.

३. कुत्रा कुठून घ्यावा

मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस सोसायटी, गोव्यात आसगावची इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू अशा संस्था आहेत, आणि जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात अशी कामे करणारे छोटे गटही आहेत. पर्याय असेल, तर थेट शेल्टरमधील कुत्र्यापेक्षा फॉस्टरच्या, म्हणजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरते सांभाळणाऱ्याच्या, घरात काही आठवडे राहिलेल्या कुत्र्याला पसंती द्यावी. तो घरात शी-शू करतो का, मिक्सरच्या आवाजाला घाबरतो का, एकटा राहिल्यावर दार खरवडतो का, ही माहिती पिंजऱ्यात पाहून कोणालाही मिळत नाही.

भरवशाची संस्था अर्ज भरून घेते, घर पाहायला येते, नसबंदीची आणि कुत्रा परस्पर दुसऱ्याला न देण्याची अट घालते. ही चौकशी अपमानास्पद मानून संस्था बदलणारे लोक पुढे नेमके चुकीच्या ठिकाणी पोहोचतात.

इशारा: “दत्तक” या नावाखाली जातिवंत पिल्लाचा फोटो टाकून, कुत्रा दाखवण्याआधीच गाडीभाड्यासाठी किंवा नोंदणीसाठी पैसे मागितले जात असतील, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. उपचार-लसीकरणाचा खर्च संस्था मागू शकते, परंतु तो कुत्रा प्रत्यक्ष पाहिल्यानंतर आणि पावती देऊन. पिल्लाचे वय आठ आठवड्यांपेक्षा कमी असेल, तर ते कोणाकडूनच घेऊ नये. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनी त्याहून लहान पिल्लू विकण्यास मनाई केली आहे, आणि आईपासून इतक्या लवकर तोडलेले पिल्लू फुकट मिळाले तरी ते आजाराला आणि चावरेपणाला अधिक बळी पडते.

रस्त्यावरचा ओळखीचा कुत्रा थेट घरी आणायचा असेल, तर आधी त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाशी बोलावे. कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला, तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा आहे, आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. स्वतःच्या गल्लीत सहा-सात वर्षे मजेत राहिलेल्या प्रत्येक कुत्र्याला चौथ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर हवेच असते असे नाही. आजारी, जखमी, मागे पडलेला किंवा माणसामागे घरापर्यंत येणारा कुत्रा त्यासाठी अधिक योग्य.

४. कुत्रा पाहायला जाणे

एकदाच जाऊन निर्णय घेऊ नये. दोन वेगवेगळ्या वेळी, एकदा सकाळी आणि एकदा जेवणाच्या सुमारास जावे, आणि दुसऱ्या वेळी घरातल्या सर्वांनी जावे. पिंजऱ्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवणे, शिट्टी मारणे, नाव घेत राहणे टाळावे. पिंजऱ्याला पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे आणि दहा मिनिटे काहीही करू नये. कुत्रा पहिल्या मिनिटाला कोपऱ्यात गेला, पण दहाव्या मिनिटापर्यंत मान लांब करून वास घ्यायला पुढे आला, तर तो घाबरट असला तरी सावरणारा आहे. दहा मिनिटांनंतरही भिंतीला चिकटून थरथरत असेल आणि समोर टाकलेला चिकनचा तुकडाही उचलत नसेल, तर त्याला अनुभवी घर लागेल. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने दया म्हणून असा कुत्रा निवडू नये.

त्यानंतर त्याला पट्टा लावून बाहेर न्यायला सांगावे आणि पाहावे की दुसरा कुत्रा, सायकल, पिशवी घेतलेला माणूस दिसल्यावर तो काय करतो. संस्थेच्या माणसाने त्याचे पंजे, कान आणि तोंड हाताळून दाखवावे. ओठ वर केल्यावर हिरडी गुलाबी दिसली पाहिजे. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकट असेल, तर गोचीड ताप किंवा जंतांमुळे रक्त कमी झाल्याची शक्यता असते. कानाच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड दिसली, तर तो कुत्रा नाकारण्याचे कारण नाही, पण सातव्या टप्प्यातील रक्ततपासणी टाळता येणार नाही. जननेंद्रियाजवळ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त येणारी गाठ असेल, तर तीही विचारून घ्यावी. रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिलनातून पसरणारी ही गाठ नेहमी आढळते आणि दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण बरी होते.

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. याआधी कोणी नेऊन परत आणला आहे का, आणि का? कोणाला चावला आहे का? खाताना जवळ गेल्यावर गुरगुरतो का? मांजर, लहान मूल, दुसरा कुत्रा यांच्यासोबत राहिला आहे का? उत्तर “खूप गोड आहे हो” असे आले, तर तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

तपासणी: लसीकरणाच्या पुस्तिकेत लसीचे स्टिकर, तारीख आणि पशुवैद्यांची सही आहे का, हे पाहून तिचा फोटो काढावा. नुसती “लसी झाल्या आहेत” ही माहिती लस झाली नाही असे समजूनच धरावी.

५. घर तयार करणे

हे काम कुत्रा येण्याआधीच्या शनिवार-रविवारी पूर्ण झालेले असावे.

पहिली गोष्ट जाळी. बाल्कनी आणि ज्या खिडक्यांच्या कट्ट्यावर उडी मारता येते त्या सर्व ठिकाणी ग्रिल किंवा घट्ट ताणलेली जाळी हवी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची पातळ जाळी घाबरलेला कुत्रा दातांनी तोडतो, म्हणून तिच्यावर विसंबू नये. मुख्य दाराला सुरक्षा दार नसेल, तर दाराच्या आत बाळांसाठी मिळते तसे कमी उंचीचे फाटक लावावे, कारण नवा कुत्रा हरवतो तो बहुधा कुरिअर घेताना उघड्या राहिलेल्या दारातून.

दुसरी गोष्ट पट्टे. गळ्याचा पट्टा आणि छातीचा हार्नेस, असे दोन्ही आणावेत आणि पहिले काही आठवडे दोन्हींना स्वतंत्र दोरी लावावी. घाबरलेला कुत्रा मागे सरकत डोके खाली घालतो आणि हार्नेसमधून क्षणात निसटतो. अशा वेळी दुसरी दोरी हातात राहते. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तीन जाऊ नयेत. आपोआप लांब होणारी गुंडाळीची दोरी आणि लोखंडी साखळी या दोन्ही विकत घेऊ नयेत. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पट्टी पहिल्या दिवसापासून असावी.

तिसरी गोष्ट कोपरा. वर्दळीपासून दूर, दोन बाजूंनी भिंत असलेली एक जागा निवडावी. जुनी गोधडी आणि पाण्याचे जड भांडे पुरते. महागड्या गादीचा पहिल्या आठवड्यात बहुधा कापूस होतो.

फरशी पुसायचे फिनाईल बंद करावे. ते पंज्यांना लागून चाटण्यातून पोटात जाते. अमोनियाच्या वासाची द्रावणेही नकोत, कारण तो वास लघवीशी जुळतो आणि कुत्रा पुन्हा तिथेच लघवी करतो. साबणाचे पाणी किंवा पाण्यात पातळ केलेले व्हिनेगर वापरावे. ओट्याखालचा कांद्यांचा ट्रे, मनुका-द्राक्षे, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या वरच्या कप्प्यात हलवाव्यात.

घरात आधीचा कुत्रा असेल, तर नव्याला किमान १४ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवण्याची सोय करावी. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजारांची लक्षणे दिसायला वेळ लागतो. घरात यापूर्वी पार्व्होने पिल्लू गेले असेल, तर त्याचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो हे लक्षात घेऊन, लस पूर्ण न झालेले पिल्लू तिथे आणूच नये.

इशारा: दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत नवा कुत्रा घरी आणू नये. संस्थेला तारीख पुढे ढकलायला सांगितले, तर समजदार संस्था आनंदाने ढकलते.

६. घरी आणण्याचा दिवस

सकाळची वेळ आणि सुट्टीचा पहिला दिवस निवडावा. निघण्याआधी दोन-तीन तास जेवण देऊ नये, कारण गाडीची सवय नसलेला कुत्रा उलटी करतो. रिक्षाऐवजी दारे बंद होणारी गाडी घ्यावी, मागच्या सीटवर एका माणसाने दोरी मनगटात अडकवून बसावे आणि दार उघडण्यापूर्वी दोन्ही दोऱ्या हातात आहेत का, हे बोलून खात्री करावी.

इमारतीखाली पोहोचल्यावर आधी त्याला लघवीसाठी जागा दाखवावी आणि लघवी होईपर्यंत थांबावे. पुढे अनेक महिने तो त्याच जागेकडे ओढत नेईल, म्हणून ती जागा बागेच्या कुंड्यांजवळ किंवा कोणाच्या पार्किंगमध्ये नसावी. लिफ्ट रिकामी असेल तेव्हाच आत जावे. पाय रोवून बसला, तर जिना चढावा. घरात पट्टा लावूनच सर्व खोल्या एकेकदा फिरवाव्यात, त्याचा कोपरा दाखवावा, पाणी द्यावे आणि सोडून द्यावे.

त्या दिवशी आंघोळ घालू नये, ओवाळण्यासाठी शेजाऱ्यांना बोलावू नये, मिठी मारू नये, मुलांना त्याच्याभोवती बसवू नये. आंघोळीचा आग्रह सर्वांत जास्त होतो. तीन-चार दिवस वास सहन करावा. फार तर ओल्या फडक्याने पुसावे.

तो आधी जे खात होता तेच पहिले तीन दिवस द्यावे आणि पुढील सात-आठ दिवसांत हळूहळू बदल करावा. दूध-पोळी सुरू करणे ही घरोघरची चूक आहे. वाढ झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही, त्याने जुलाब होतात आणि दोष नव्या लसीला दिला जातो. शिजवलेली हाडे अजिबात देऊ नयेत, कारण ती कुसळांसारखी मोडतात आणि आतडे फाडतात.

७. पशुवैद्यांकडे पहिली भेट

तीन ते पाच दिवसांच्या आत ही भेट व्हावी. खाणे बंद, उलटी, रक्ताचे जुलाब, नाकातून रक्त किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी. विष्ठेचा ताजा नमुना डबीत न्यावा. रक्ताची संपूर्ण गणना आणि गोचीडजन्य आजारांची चाचणी आवर्जून मागावी. एर्लिकिया आणि बॅबेसिया आपल्याकडे इतके पसरलेले आहेत की वरकरणी धडधाकट कुत्र्यातही ते निघतात, आणि प्लेटलेट्स कमी असताना नसबंदीची शस्त्रक्रिया केली, तर रक्तस्राव थांबत नाही. म्हणून आधी चाचणी, मग शस्त्रक्रिया.

पुस्तिका नसेल किंवा शंकास्पद असेल, तर लसीकरण नव्याने सुरू करावे: रेबीजची लस, तसेच डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरा यांची एकत्रित लस. एकत्रित लसीचा दुसरा डोस तीन ते चार आठवड्यांनी आणि त्यानंतर पुढील डोस डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकानुसार द्यावा. कुत्रा आजारी असताना लस उरकून टाकण्याची घाई करू नये. गोचिडींसाठी मानेवर थेंब टाकायचे औषध वापरल्यास त्याआधी आणि नंतर ४८ तास आंघोळ टाळावी. घरात मांजर असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराला मारू शकते. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावी, तिच्यावर रॉकेल ओतू नये किंवा उदबत्ती लावू नये.

इशारा: लसीची खात्री नसलेल्या कुत्र्याने चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. “घरचाच कुत्रा आहे” म्हणून थांबू नये. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये.

८. पहिले तीन आठवडे

या क्षेत्रात काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: तीन दिवस गोंधळाचे, तीन आठवडे घराची घडी कळण्याचे आणि तीन महिने ते घर आपले वाटण्याचे. तारखेबरहुकूम असे घडत नाही, पण अपेक्षा ठेवण्यासाठी हा हिशेब चांगला आहे. पहिल्या तीन दिवसांतला शांतपणा म्हणजे कुत्र्याचा स्वभाव समजू नये. “किती गुणी आहे, आवाजच करत नाही” असे चौथ्या दिवसापर्यंत सांगणारी मंडळी दहाव्या दिवशी त्याच्या भुंकण्याने गोंधळतात. खरे तर तो तेव्हा सैलावलेला असतो.

शी-शूसाठी उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्यापूर्वी खाली न्यावे. बाहेर झाल्या झाल्या, तिथेच, दोन सेकंदांत खाऊ द्यावा. घरी परत येऊन दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही. घरात झाले, तर काही न बोलता पुसून टाकावे. नाक घासण्याने कुत्रा एवढेच शिकतो की माणसासमोर करायचे नाही, मग तो सोफ्यामागे करतो.

एकटे राहण्याचा सराव दुसऱ्या दिवसापासून सुरू करावा. येथे अतिशय प्रेमळ घरेच चुकतात: दहा दिवस रजा घेऊन सगळे त्याच्याभोवती बसतात आणि अकराव्या दिवशी नऊ तासांसाठी दार ओढून निघून जातात. त्याऐवजी आधी कचरा टाकून येण्याइतका, मग दहा मिनिटे, मग अर्धा तास, असे रोज बाहेर पडावे. निघताना लाडाने निरोप घेऊ नये. मोबाइल घरात चित्रीकरणासाठी ठेवून पाहावे. पहिल्या पंधरा मिनिटांत तो झोपला, तर वेळ वाढवावी, दारापाशी लाळ गाळत येरझारा घालत असेल, तर निम्मी करावी.

तो खात असताना भांड्यात हात घालून “सवय” लावण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो पाळू नये. भुकेने राहिलेल्या कुत्र्याला त्यातून एवढेच कळते की माणूस जेवण हिसकावतो. त्याऐवजी जाता जाता भांड्यात लांबूनच चिकनचा तुकडा टाकावा. गुरगुरला, तर ओरडू नये. गुरगुरणे हा इशारा आहे, आणि इशारा देण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. लहान मुलांना त्याच्यासोबत एका मिनिटासाठीही एकटे सोडू नये, मग तो कितीही समंजस वाटो.

आधीच्या कुत्र्याशी ओळख चौदा दिवसांनंतर, घराबाहेर, दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेने चालवत करून द्यावी. घरात समोरासमोर सोडून “करू दे त्यांचे त्यांना” म्हणू नये.

तपासणी: तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो तुमच्या हजेरीत निवांत झोपतो का, दोन्ही वेळा खातो का, बाहेर शेपटी दोन पायांत न घालता चालतो का? तिन्हींची उत्तरे नाही असतील, तर संस्थेला आणि डॉक्टरांना आताच कळवावे, तीन महिने वाट पाहू नये. पट्टा सोडण्याचा प्रयोग मात्र या तिन्हींची उत्तरे होय आली तरी करू नये.

९. परवाना आणि नोंद

रेबीज लसीचे प्रमाणपत्र हाती येताच महापालिकेचा श्वान परवाना घ्यावा. मुंबई आणि पुण्यात तो आवश्यक आहे. लसीचे प्रमाणपत्र, कुत्र्याचा फोटो आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. नूतनीकरणाची तारीख रेबीज लसीच्या तारखेशेजारीच कॅलेंडरवर लिहून ठेवली, तर दोन्ही एकदम आठवतात. नसबंदी राहिली असेल, तर सातव्या टप्प्यातील रक्ततपासणीचा अहवाल पाहून डॉक्टर सांगतील ती तारीख आताच घ्यावी.

१०. जमलेच नाही तर

सर्व केल्यानंतरही काही कुत्रे एखाद्या घरात बसत नाहीत: घरातल्या मुलाला दमा निघतो, किंवा जुना कुत्रा नव्याला जखमी करत राहतो. अशा वेळी ज्या संस्थेकडून आणला तिथेच परत द्यावा. परस्पर फार्महाउसवाल्याला, रखवालदाराला किंवा समाजमाध्यमावरील अनोळखी माणसाला देऊ नये. लांबच्या रस्त्यावर सोडून येणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि अनोळखी हद्दीत सोडलेला कुत्रा तिथल्या टोळीच्या तावडीत सापडतो.

परत देताना लाजेपोटी कारण गुळमुळीत सांगितले जाते, आणि पुढच्या कुटुंबाला त्याची किंमत मोजावी लागते. एका कागदावर लिहून द्यावे: काय खातो, कशाला घाबरतो, किती वेळ एकटा राहिला, कोणाला व कोणत्या प्रसंगी दात लावले, कोणती औषधे आणि लसी कोणत्या तारखेला झाल्या. सोबत त्याची पुस्तिका, रक्ततपासणीचे अहवाल, रोजचे दोन्ही पट्टे आणि त्याच्या कोपऱ्यातली न धुतलेली गोधडी द्यावी. नव्या जागी पहिल्या रात्री ओळखीचा वास तेवढाच असतो. परवान्यावरील मालकाचे नाव बदलण्याचा अर्जही त्याच भेटीत करून टाकावा.